मागच्या रांगेतली काकू

"काकू, तुम्ही जरा मागे उभ्या राहता का? तुमच्यामुळे रांग बिघडतेय."

हे म्हणणारी मुलगी सतरा वर्षांची होती. कमरेला ढोल, संध्याकाळचं ऊन उतरलं तरी डोळ्यांवर गॉगल, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगात तिला कशाचंच काही वाटत नाही. ती माझी पोटची पोर होती. मैदानावरच्या साठ-सत्तर जणांत ही गोष्ट आम्हा दोघींखेरीज कुणालाही माहीत नव्हती.

"हो हो, सानिकाताई," मी म्हटलं आणि ढोल सावरत मागे सरकले.

पथकात सगळे एकमेकांना दादा आणि ताई म्हणतात. मिसरूडही न फुटलेला पोरगा दादा असतो आणि कॉलेजात नुकतीच गेलेली मुलगी ताई. मी आले तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. वय चव्वेचाळीस, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनांनी जखडलेली, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, हातात कापडी पिशवी. मी माझं नाव शुभदा असं सांगितलं होतं. ते कुणी लक्षातही ठेवलं नाही. पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी काकू म्हणालं आणि तेच चिकटलं.

डोंबिवलीत पाडव्याला स्वागतयात्रा निघते. तिच्यात वाजवायचं म्हणून पथकाच्या तालमी संक्रांतीपासूनच सुरू होतात. आमच्या खाडीकडच्या मैदानावर रोज संध्याकाळी ढोल घुमायचे. सानिका आधीच्या वर्षापासून तिथे जात होती. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. दिवसभर दाढ धरून बसलेल्या माणसांना "बसा, दहाच मिनिटं" म्हणायचं आणि संध्याकाळी भाजी घेऊन घरी यायचं. एकदा येताना कुंपणाबाहेर थबकले. तो आवाज कानांनी ऐकायचा नसतोच, तो बरगड्यांत शिरतो. हातातली मेथीची जुडी तशीच धरून मी उभी राहिले. कितीतरी वर्षांत मला कशाची म्हणून हाव सुटली नव्हती. त्या दिवशी सुटली. मला तो ढोल वाजवायचा होता.

घरी आल्यावर मी सानिकाला सांगितलं. ती टोस्ट खात होती, तो हातातच राहिला.

"आई, तू गंमत करतेयस ना?"

"नाही."

"तिथे सगळे माझ्या वयाचे आहेत गं!"

"बोर्डावर वयाची अट लिहिलेली नाही. मी वाचून आलेय."

"तू तिथे येऊन अय्या म्हणणार. डब्यातून काहीतरी आणणार आणि सगळ्यांना वाटणार. पोरांना विचारणार, जेवलास का बाळा."

"मग? त्यात वाईट काय आहे?"

"हेच! हेच वाईट आहे. आणि ते तुला कळतसुद्धा नाही, हे त्याहून वाईट आहे."

दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिचे बाबा वापीला नोकरीला, शनिवारी यायचे. त्यांना फोन करून तिने माझी तक्रार केली. ते नुसते हसले, म्हणून त्यांच्यावरही रुसली. मग तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ये तू. पण माझी एक अट आहे. तिथे तू माझी आई नाहीस."

मी पोळी लाटायची थांबले.

"वेगळं यायचं, वेगळं जायचं. हाक मारायची नाही, माझ्याकडे बघून हसायचं नाही. आणि कुणाला कळलं ना, तर आपल्यातल्या एकीने पथक सोडायचं. मी तिथे जुनी आहे. म्हणजे तू."

"कबूल."

"आई, मी सिरियसली बोलतेय."

"मीपण," मी म्हटलं आणि पोळी तव्यावर टाकली. खरं म्हणजे मला तेव्हा मजा वाटली होती. आपल्याच लेकीला ताई म्हणायचं, अहोजाहो करायचं, लपंडाव खेळल्यासारखं. ती मजा आठवडाभरही टिकली नाही.

पथकात वाजवणं नुसतं येऊन चालत नाही, ते दिसावंही लागतं. हे मला हळूहळू उमगलं. हात आभाळाला भिडेपर्यंत वर जायला हवा, पण चेहऱ्यावरची रेघ हलता कामा नये. केस उडाले पाहिजेत, घाम पुसायचा नाही, आणि टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, धरून बोटं सोलवटली तरी हाय म्हणायचं नाही. मी नेमकी उलटी होते. पथकात बसवलेल्या तालाला हात म्हणतात; मी हात मोजत वाजवायचे आणि मोजताना माझे ओठ हलायचे. जमलं की तोंडभर हसायचे. चुकलं की जीभ चावायचे. बोटांना पट्ट्या लावून यायचे आणि इतरांसाठीही पट्ट्या आणायचे. आता ह्यात कुणाचं काही बिघडण्यासारखं नव्हतं, पण पोरापोरींची माझ्याकडे बघायची नजर अशी असायची की लग्नाच्या पंगतीत कुणीतरी घरच्या चपला घालून आलंय.

ह्या सगळ्यांत पुढे होती किमया. सानिकाची जिवलग मैत्रीण. उंच, खांद्यापर्यंत कापलेले केस, एका भुवईने बोलणारी. तिची आई तिला सोडायला बुलेटवरून यायची, जीन्स घालून, आणि सगळी पोरं तिला नावाने हाक मारायची. सानिका त्या बाईकडे ज्या नजरेने बघायची, तशी नजर तिने माझ्याकडे कधी टाकल्याचं मला आठवत नव्हतं. मला वाईट वाटलं. वाटणारच.

एका संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागे मी बुटाची नाडी बांधायला वाकले होते. पलीकडे पोरींचा घोळका होता आणि हशा चालला होता. सानिका माझी नक्कल करत होती.

"देवा महाराजा, आजच्यापुरतं सांभाळ," ती म्हणाली. अगदी माझा आवाज. मग बोटांवर फुंकर घालायची माझी सवय, दोनदा, तिसऱ्यांदा हात झटकून. मग पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर. पोरी पोट धरून हसत होत्या.

"भन्नाट!" किमया म्हणाली. मग थांबून, "पण काकू देवा महाराजा कधी म्हणाल्या? मी तर ऐकलं नाही."

मी पथकात ते कधीच म्हटलं नव्हतं. मी ते घरी म्हणते, गॅस संपत आला की.

मला तिचा राग यायला हवा होता, आणि मी मात्र मनात म्हणत होते, अगं काहीतरी सांग, लवकर सांग.

"म्हणाल्या असतील," सानिका म्हणाली. "असल्या बायका तेच म्हणतात."

पोरी पुन्हा हसल्या. मी नाडीला आणखी एक गाठ मारली.

तेव्हापासून किमयाला संशय आला असावा, किंवा तिला नुसताच चाळा लागला असेल. दोन-चार दिवसांनी सुटीत ती थेट माझ्यासमोर येऊन बसली. सानिका तिच्या शेजारीच बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती.

"काकू, तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी आहे."

"केवढी?"

"असेल तुमच्याएवढी."

"मग तिला पण आणायचं ना! तिला आवडत नाही?"

"नाही आवडत."

"ढोल?"

"नाही, मी," मी म्हटलं.

आजूबाजूची सगळी हसली. सानिकाला ठसका लागला. पाणी नाकातोंडातून आलं, डोळे लाल झाले. माझा हात आपोआप तिच्या पाठीवर थोपटायला उचलला गेला. तिने माझ्याकडे असं बघितलं की तो हात मी तसाच वळवून स्वतःच्या केसांवरून फिरवला. किमयाने माझ्या हाताकडे बघितलं, सानिकाकडे बघितलं आणि एक भुवई उंचावली.

त्या रात्री घरात भांड्यांचाही आवाज झाला नाही. सानिका ताटावरून उठताना एवढंच म्हणाली, "तू मुद्दाम केलंस." मी नाही म्हटलं. पण थोडंसं मुद्दाम केलं होतं.

पाडवा जवळ आला तशी निवडीची धास्ती सुरू झाली. यात्रा सगळ्या गावातून फिरते, पण खरा मान देवळाजवळच्या चौकातला. तिथे पथक रांगा करून एका जागी वाजवतं, चारी बाजूंच्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या असतात, फोटोवाले गाड्यांच्या टपांवर चढलेले असतात. रांगांत जागा मोजक्या, वाजवणारे जास्त. चौकात कोण वाजवणार हे पथकप्रमुख हृषीदादा ठरवायचा. तो ताशा वाजवायचा आणि पोरगा तसा सरळ होता. त्याने नावं वाचली आणि शेवटी म्हणाला, "आणि काकू."

मला आधी कळलंच नाही की ते मलाच.

"दादा," किमया म्हणाली, "चौकात फोटो निघतात."

"माहितीये. पण काकूंनी एक तालीम चुकवलेली नाही. आणि हात सगळे पाठ आहेत त्यांना."

"तोंडपाठ आहेत. दिसतंच की ओठांवर."

पुन्हा हशा. हृषीदादाने मान खाजवली. मग, कुणाचं तरी मत घ्यावं म्हणून, तो म्हणाला, "सानिका, पुढच्या रांगेत मधे तू आहेस. तुला काय वाटतं?"

सगळे तिच्याकडे वळले. मी पायाखालच्या मातीकडे बघत होते. तिला दोन महिन्यांचा तिढा एका वाक्यात सोडवता आला असता. मला ढोल मिळाला नसता, ती सुटली असती, कुणाला काही कळलंही नसतं. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"मला काय," ती म्हणाली. "मागच्या रांगेत, कोपऱ्यात असतील तर ठीक आहे. तिथे दिसत नाहीत."

मी त्याही शब्दांनी सुखावले. आता सांगताना माझं मलाच हसू येतं, पण त्या संध्याकाळी घरी जाताना मी रिक्षावाल्याला सुट्टे परत मागायला विसरले.

हृषीदादाने जाता जाता दोन गोष्टी बजावल्या. एक म्हणजे ढोल सकाळी ढिलाच घेऊन यायचा. चामड्याचं पान उन्हात आपोआप चढतं, वाजता वाजता ढोल तयार होतो, म्हणून घरून आवळून आणायचा शहाणपणा नको. आणि दुसरी, चौकात कुणाचं पान फुटलं तर त्याने गुपचूप रांगेबाहेर व्हायचं. शेजाऱ्याने आपणहून ढोल दिला तर घ्यावा. पण मागायचा नाही. ढोल मागणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं पथकात मानतात.

पाडव्याच्या सकाळी आम्ही जमलो. पांढरे कुर्ते, भगवे फेटे, रस्त्याभर रांगोळ्या, गुढ्यांचे रेशमी खण वाऱ्यावर फडफडताना. सानिका पुढच्या रांगेत किमयाशेजारी उभी होती आणि दोघी ढोलांवर बोटं मारून बघत होत्या. सानिकाचा ढोल टणटण वाजत होता. त्यातून घुमारा येतच नव्हता. मी जवळून जाताना ऐकलं आणि थबकले. त्या आवाजाचा अर्थ मला कळत होता. दोर शेवटपर्यंत ओढून पान टिचकी मारली तरी फाटेल इतकं ताणलेलं होतं.

"एक नंबर आवाज आहे," किमया म्हणत होती. "सगळ्यांच्या वर ऐकू येईल तुझा."

ऊन आत्ताच तापायला लागलं होतं. आई असते तर पुढे जाऊन तिचे दोर सोडले असते. मी आई नव्हते. मी दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले. शेवटी राहवलं नाही.

"सानिकाताई," मी म्हटलं, "तुमचा ढोल फार चढलाय हो. जरा उतरवून घ्या."

ती वळली. गॉगलमधून तिचे डोळे दिसत नव्हते.

"काकू, तुम्ही तुमचं बघा ना."

"अहो पण ऊन..."

"काकू." तिने दात आवळून म्हटलं. "जा. मागे."

किमया एका भुवईने हसली. मी मागे गेले. ही गोष्ट सानिका आता तिच्या नवऱ्याला सांगते तेव्हा हा भाग गाळते. तो मी भरते.

चौकात शिरलो तेव्हा दहा वाजून गेले असतील. डांबर तापलं होतं. गॅलऱ्यांतून फुलं पडत होती. पथकाचा टेम्पो, ज्यात जादा ढोल होते, मागे चित्ररथांच्या गर्दीत कुठेतरी अडकला होता. हृषीदादाने ताशा छेडला, काठी वर केली, आणि आम्ही पहिला हात वाजवला.

त्याचं काय सांगू! मी कोपऱ्यात होते, माझ्यापुढे दोन उंच पोरं होती, मला रस्ता दिसत नव्हता आणि रस्त्याला मी. पण तो आवाज माझ्याही हातून निघत होता. दाढा, फोन, गॅस, भाजी, सगळं कुठल्या कुठे गेलं. मी मोजत होते, हसत होते, जीभ चावत होते, आणि मला कुणाचीही पर्वा नव्हती. जन्मात पहिल्यांदा मी एका ठिकाणी नुसती माझ्यासाठी उभी होते.

दुसऱ्या हाताच्या मध्यावर फट्ट असा आवाज झाला. ढोलांच्या गजरात इतरांना तो ऐकूही आला नसेल, पण मी त्याचीच वाट बघत असल्यासारखी दचकले. दोन पोरांच्या फटीतून बघितलं. सानिकाचं टिपरू पानाच्या आत गेलं होतं. पान आडवं फाटलं होतं.

ती क्षणभर नुसती उभी राहिली. हृषीदादाने ताशा न थांबवता मानेने खूण केली, बाहेर हो. तिने किमयाकडे बघितलं. किमया मान ताठ ठेवून वाजवत होती, तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. टपावरचे फोटोवाले किमयाकडे वळले होते. सानिकाने पलीकडच्या पोराकडे बघितलं, त्याने डोळे मिटून घेतले. मग ती रांगेतून बाहेर पडली. मला वाटलं बाजूला जाईल. पण ती रांगांच्या मागून फिरून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. गॉगल कपाळावर चढला होता.

"काकू," ती म्हणाली. "मला द्या ना तुमचा. शेवटचे दोनच हात. प्लीज, काकू."

तिने ढोल मागितला. पथकात जे कुणी करत नाही ते तिने केलं, आणि तेव्हासुद्धा मला काकू म्हणण्याचं भान ठेवलं. मला तिची दया आली. मी तिची आई आहे, माझा हात थांबला. आजवर तिला काय दिलं नव्हतं? खिडकीची जागा, आंब्याची कोय, नवी छत्री, हे काय मी विचार करून दिलं होतं? डाव्या हाताने मी कमरेची गाठ चाचपली. गाठ घामाने भिजून घट्ट बसली होती. मी नखांनी ती ओढत होते, ती सुटत नव्हती, आणि सानिकाला वाटलं असावं की मी देत नाहीये.

वाजवायचा एक हात संपला की दुसरा सुरू होण्याआधी सगळे ढोल थांबतात आणि ताशा एकटा बारीक वाजत राहतो. नेमके त्याच वेळी ढोल थांबले.

"आई!" सानिका ओरडली. "आई, दे ना!"

चौकभर ऐकू गेलं. पुढची दोन्ही पोरं मागे वळली. किमया वळली. हृषीदादाचा ताशा अडखळला आणि पुन्हा सावरला.

माझी बोटं गाठीवरून निघाली.

दोन महिने ह्या एका शब्दासाठी मी मैदानावर झुरले होते. टाकीमागे, सुटीत, निवडीच्या दिवशी. तिने एकदा, नुसता ओठांतल्या ओठांत म्हटला असता तरी मी ढोल तिथेच सोडून घरी गेले असते. तो आता आला. ढोल हवा म्हणून आला. काकूला मी देणार होते, देतच होते. पण आईला अशी शेवटच्या उपायासारखी बाहेर काढलेली मला सोसली नाही.

"नाही," मी म्हटलं. "हा मला मिळालाय."

तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. कुणीतरी कानाखाली मारावी तसा झाला. हृषीदादाने काठी वर केली आणि मी वाजवायला लागले.

शेवटचे दोन हात मी जसे त्याआधी कधी वाजवले नव्हते आणि पुढेही कधी वाजवू शकले नाही, तसे वाजवले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लोकांना तो घाम वाटला असेल. सानिका फुटका ढोल कमरेला तसाच बांधून, गर्दी अडवायला धरलेल्या दोराच्या कडेला उभी होती, आणि मला समजत होतं की इथून घरी गेल्यावर मला पथक सोडावं लागणार. अट अट असते. म्हणून एकेक ठोका मी शेवटचा म्हणून मारला.

वादन संपलं. टाळ्या, शिट्ट्या, फुलं. मग आमच्याभोवती कोंडाळं झालं. पोरंपोरी एकदा माझ्याकडे, एकदा सानिकाकडे बघत होती. नाकाची ठेवण, भुवया, सगळं आता त्यांना दिसायला लागलं असणार.

"काकू," हृषीदादा म्हणाला, "ती तुम्हाला आई म्हणाली?"

मी शब्द दिला होता.

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं. "सानिकाताईंना."

किमयाने सानिकाच्या खांद्यावर हात टाकला. "काहीतरी काय दादा! ती 'आई गं' म्हणाली असेल. पान फुटलं म्हणून. हो ना गं, सानू?"

वाट अगदी मोकळी करून दिली होती तिने. सानिकाने नुसती मान हलवायची होती. मग मी काकू, ती ताई, उन्हाने डोकं फिरलेली एक बाई आणि तिच्यावर हसणारी पोरं, सगळं जिथल्या तिथे. लांब कुठेतरी लेझमाचा आवाज येत होता. सानिकाने किमयाचा हात खांद्यावरून काढला. मी तिच्याकडे बघायची हिंमत करत नव्हते.

"नाही," ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज फाटला. "आई आहे ती माझी! सख्खी आई आहे! आणि तिने मला ढोल दिला नाही!"

आणि ती रडायला लागली. चेहरा न हलवता रडायची ती तऱ्हा नव्हे. लहानपणी बिल्डिंगखाली खेळताना पडली की वर गॅलरीकडे बघून रडायची, तशी. तोंड वासून, हुंदके देत. आता ढोल हवा म्हणून नव्हे, कारण वाजवायचं तर सगळं संपलं होतं. ती माझीच तक्रार करत होती, चौकभर, आणि तक्रारीत दोनदा आई म्हणाली.

"नाही दिला," मी म्हटलं. "अगं, मलाही वाजवायचं होतं."

"तू नेहमी देतेस ना पण!"

"हो."

"मग?"

कुणीतरी हसलं, बहुतेक पुढच्या रांगेतला पोरगा, पण फार हसला नाही. किमया भुवई उचलायची विसरून उभी होती. सानिका दोन पावलं पुढे आली, आमचे दोन्ही ढोल एकमेकांवर आपटले, आणि त्या ढोलांवरून वाकून तिने माझ्या कुर्त्याच्या बाहीला खसाखसा नाक पुसलं, सगळ्यांदेखत.